आमदाराचा घरचा धंदा शपथपत्रात किती दिसतो?

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठावर आमच्या मंडळींत आमदारांच्या घरच्या धंद्यांचा विषय निघाला की माहितीला तोटा नसतो. कागद मात्र कोणाकडेच नसतो. म्हणून दोन रविवार निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या संकेतस्थळावर घालवले. वडिलोपार्जित व्यवसाय सांभाळत दुसऱ्यांदा विधानसभेत गेलेल्या आमदाराची कारकीर्द मतदाराला या सेवेतून कितपत कळते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

सेवा विनामूल्य आहे. निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ (ठाणे असेल तर क्रमांक 148) निवडला की उमेदवाराचे नमुना 26 मधील (उमेदवारांसाठी ठरवून दिलेल्या अर्जातील) शपथपत्र उतरवून घेता येते.

या कागदातील सर्वात मोलाचा भाग म्हणजे उत्पन्नाचा तक्ता. 2014 मध्ये शेवटच्या प्राप्तिकर विवरणपत्रातील उत्पन्नच विचारले जात असे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर नमुना बदलत गेला आणि 2019 पासून उमेदवार, जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब व अवलंबित यांचे मागील 5 वर्षांचे उत्पन्न आणि उत्पन्नाचे स्रोत द्यावे लागतात. त्यामुळे 2019 आणि 2024 ची शपथपत्रे शेजारी ठेवली की सुमारे 10 वर्षांची सलग मालिका हाती येते, आणि आमदारकीच्या काळात पेढी चढली की उतरली याचा अंदाज बांधता येतो. घरच्याच कंपनीला दिलेली उसनवारी जंगम मालमत्तेच्या रकान्यात सापडते; घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते.

उणीव आहे ती संकेतस्थळाची नव्हे, नमुन्याची. ज्याला स्वतंत्र उत्पन्न नाही आणि जो उमेदवारावर विसंबून आहे, तोच ‘अवलंबित’ ठरतो. साहजिकच कमावता मुलगा, भाऊ किंवा सून यांच्या नावावरचा धंदा या कागदात येत नाही. आपल्याकडे पेढी बहुधा त्यांच्याच नावावर असते, हे वेगळे सांगायला नको.

सरकारी कंत्राटांचा रकाना त्या मानाने नेटका आहे. उमेदवार, जोडीदार किंवा अवलंबित ज्या भागीदारीत वा खासगी कंपनीत आहेत, तिची राज्य शासनाशी किंवा सार्वजनिक कंपन्यांशी असलेली कंत्राटे येथे लिहावी लागतात. परंतु रकान्याच्या शीर्षकात महापालिकेचा उल्लेख नाही, आणि ठाण्या-नवी मुंबईत रस्ते, गटारे, कचरा यांची बरीचशी कामे महापालिकाच काढते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 9क शासनाशी चालू कंत्राट असलेल्या आमदाराला अपात्र ठरवते खरे. पण त्याने आपल्या बाजूचे काम पुरे केले असेल, तर शासनाकडे बिल थकलेले आहे एवढ्यावरून ते कंत्राट चालू धरले जात नाही. ही बारीक तरतूद मला या निमित्ताने प्रथमच कळली.

वाचायला बसताना कंपनी व्यवहार मंत्रालयाचे संकेतस्थळ दुसऱ्या खिडकीत उघडे ठेवावे. शपथपत्रात कंपनीचे नुसते नाव आणि समभागांची किंमत असते. तिची नोंदणी कोणत्या वर्षाची आणि संचालक कोण, हे तेथे मिळते. आडनावे ओळखीची निघाली तर शपथपत्राबाहेर राहिलेले कुटुंब तेथे भेटते.