फर्स्टनेटचं काळं सिम, घ्यावं का?

फर्स्टनेट म्हणजे अमेरिकेत तातडीच्या सेवेतल्या लोकांसाठी एटी अँड टी कंपनी चालवते ते मोबाइल नेटवर्क, आणि काळं सिम त्याचंच. आधीच सांगते, हे सिम सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळे "वहिनी आम्हाला पण घेऊन द्या ना" असे मेसेज करू नका. पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स, ९११ (इथला तातडीचा नंबर) चे कॉल घेऊन गाड्या पाठवणारे असल्या कामातल्या लोकांसाठीच आहे. मी इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला, दिवसा ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि शनिवारी रात्री व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वॉडच्या ॲम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे प्राथमिक उपचार करणारी, असते. जर्सीत अजून बऱ्याच गावांत ॲम्ब्युलन्स अशी गावकरीच चालवतात, आणि पॅरामेडिक (आमच्यापेक्षा जास्त शिकलेले, पुढचे उपचार करणारे) लागले तर ते हॉस्पिटलकडून वेगळ्या गाडीने येतात. पगार नाही, पण या सिमसाठी व्हॉलंटियर पण चालतात.

घेतलं का, तर ओक ट्री रोडची परेड. ऑगस्टातली इंडिया डे परेड ज्यांनी पाहिलीय त्यांना गर्दी सांगायला नको, आणि त्या गर्दीतला प्रत्येक माणूस एकाच वेळी आईला व्हिडिओ कॉल करत असतो. २०२२ ला तिथेच एक आजोबा उन्हाने चक्कर येऊन पडले. तेव्हा माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचं साधं सिम होतं, नाव घेत नाही, टॉवर फुल दाखवत होता पण टॅबलेटवर नुसतं ते गोल फिरतंय, फिरतंय, नकाशा उघडेना, आजोबांच्या सुनेला फोन लावला तो लागेना. आमचा क्रू चीफ, स्वतःच सत्तरीतला, त्याने शांतपणे खांद्यावरचा रेडिओ दाबला आणि पॅरामेडिक मागवले. आजोबा बरे झाले, दुसऱ्या दिवशी घरी पण गेले. मी मात्र त्याच महिन्यात काळं सिम घेतलं. (काळं म्हणजे खरंच काळ्या रंगाचं असतं, उगाच म्हणत नाहीये.)

पुढच्या वर्षी तीच परेड, तोच चौक, तसलीच गर्दी. या वेळी नकाशा उघडला, पेशंटची माहिती टॅबलेटवर भरता भरता वर गेली, आणि पॅरामेडिकने काढलेला ईसीजी आम्ही निघायच्या आत हॉस्पिटलला पोचला. माझ्या नवऱ्याचा फोन शेजारीच होता, साधं सिम, त्याच्यावर व्हॉट्सॲपचा फोटो पण जात नव्हता.

आता गंमत अशी की एरवी मंगळवारी दुपारी घरी बसून स्पीड टेस्ट केली तर दोघांचा स्पीड जवळपास सारखाच येतो. नवरा म्हणतो मग फरक काय? फरक रांगेत आहे. शिर्डीला जशी पासवाल्यांची वेगळी रांग असते ना तसं, टॉवरवर गर्दी झाली की आमचा नंबर आधी. आणि अगदीच चेंगराचेंगरी झाली तर आधीच गाभाऱ्यात उभ्या असलेल्याला हात धरून बाहेर काढून आम्हाला आत घेतात, म्हणजे साध्या ग्राहकाचं कनेक्शन तोडून आम्हाला देतात. सामान्य माणसाने ९११ ला लावलेला कॉल मात्र असा तोडत नाहीत, हे विचारून घेतलं होतं मी, नाहीतर मनाला लागलं असतं. शिवाय बँड १४ म्हणून ७०० मेगाहर्ट्झमधला २० मेगाहर्ट्झचा एक पट्टा खास फर्स्टनेटसाठी राखलेला आहे, आम्ही वापरत नसू तेव्हा बाकीचे ग्राहक वापरतात. साधा फोन ०.२ वॅटने बोलतो, या पट्ट्यावर गाडीत बसवायचा खास मोडेम १.२५ वॅटपर्यंत जातो, त्यामुळे टॉवर लांब असलेल्या खेड्यापाड्यात गाडीला रेंज मिळते. एडिसनला त्याचा फारसा उपयोग नाही, इथे दर वळणावर टॉवर आहे.

हे सगळं उभं राहिलं ते ११ सप्टेंबर २००१ मुळे. त्या दिवशी न्यूयॉर्कचे ३४३ फायरवाले गेले. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इमारतीची अवस्था दिसत होती, ते रेडिओवर सांगत पण होते, पण पोलिसांचे रेडिओ वेगळे आणि फायरचे वेगळे, आतल्या लोकांना ते ऐकूच जाणार नव्हतं. यावरून धडा घेऊन सगळ्यांसाठी एकच नेटवर्क उभारायचा कायदा व्हायला २२ फेब्रुवारी २०१२ उजाडलं, म्हणजे दहा वर्षं. त्याच ऑक्टोबरात सँडी वादळ आलं आणि वादळाच्या पट्ट्यातले चारातला एक टॉवर बंद पडला. मग मार्च २०१७ ला एटी अँड टीला २५ वर्षांचं कंत्राट दिलं, सरकारने ६.५ अब्ज डॉलर आणि तो राखीव पट्टा दिला, बांधायचं आणि चालवायचं कंपनीने. पन्नासच्या पन्नास राज्यं आत आली, अमेरिकेत असं एकमत कशावर होतं सांगा! आणि आपल्या जर्सीचं कौतुक म्हणजे कंत्राटाच्या आधीच इथे जर्सीनेट नावाचा प्रयोग झाला होता, कॅम्डन, अटलांटिक सिटी आणि रूट २१ च्या पट्ट्यात, चाकांवरचे टॉवर आणून.

चाकांवरचे टॉवर हा मला सगळ्यात आवडलेला भाग. पूर, वणवा, वादळ काहीही असो, तिथल्या एजन्सीने मागितलं की ट्रकवर बसवलेला, सॅटेलाइटला जोडलेला टॉवर येतो, आणि एजन्सीला त्याचे वेगळे पैसे नाहीत. असे शंभराच्या वर आहेत, देशभर पेरून ठेवलेले. २०२१ ला आयडा वादळाच्या पावसात मॅनव्हिल आणि बाउंड ब्रूकला काय झालं ते इथल्या मंडळींना आठवत असेल, रॅरिटन नदी घरात शिरली होती. तसल्या वेळी अशी गाडी येणार आहे हे माहीत असणं म्हणजे अर्धी झोप जास्त.

आणि एक, यात डेटा संपला म्हणून स्पीड कमी करणं नाही. कॅलिफोर्नियात २०१८ च्या मेंडोसिनोच्या वणव्यात सांता क्लारा काउंटीच्या फायर डिपार्टमेंटच्या कमांड गाडीचं इंटरनेट त्यांच्या तेव्हाच्या कंपनीने लिमिट ओलांडली म्हणून दोनशेव्या हिश्श्यावर आणून ठेवलं होतं, आणि आग विझवता विझवता ती माणसं कस्टमर केअरशी प्लॅनवरून वाद घालत बसली. नंतर कंपनीने चूक कबूल केली. पण विचार करा, डोंगर पेटलाय आणि समोरचा सांगतोय वरचा प्लॅन घ्या.

बरं, आता खटकलं ते. सगळा डोलारा एका कंपनीच्या पोटात आहे. २०२० च्या ख्रिसमसला नॅशव्हिलमध्ये एका माणसाने एटी अँड टीच्या इमारतीबाहेर गाडी उडवली, आत पाणी आणि आग, बॅकअपची वीज गेली, आणि टेनेसीच नाही तर शेजारच्या केंटकी आणि अलाबामातली ९११ सेंटरं पण अडचणीत आली, फर्स्टनेटवाल्यांची सेवा सुद्धा गेली. रांगेत पहिला नंबर असून उपयोग काय, देऊळच बंद! आणि २२ फेब्रुवारी २०२४, तारीख बघा, कायद्याला बरोबर १२ वर्षं झाली त्या दिवशी पहाटे (सेंट्रल टाइमने) पावणेतीनला नेटवर्कच्या कामात कोणीतरी एक सेटिंग चुकवलं आणि देशभरातले साडेबारा कोटी फोन नेटवर्कवरून पडले. एफसीसीच्या (इथली ट्रायसारखी सरकारी संस्था) रिपोर्टात ९ कोटी २० लाखांच्या वर कॉल अडले आणि त्यात २५ हजारांच्या वर ९११ चे होते असं लिहिलंय. फर्स्टनेट सगळ्यात आधी सुरू केलं, बाकीच्यांना १२ तास लागले, हे मान्य. मी झोपलेले होते, माझी ड्यूटी नव्हती. पण टेस्टिंगवाली बाई म्हणून सांगते, बदल टाकताना दुसऱ्याने नजर घालायची हा नियम आमच्याकडे शॉपिंगच्या ॲपला पण असतो हो.

दुसरी गोष्ट कंपनीची चूक नाही, कुठल्याही कंपनीच्या फोनला लागू आहे. फोनला टॉवर लागतो. अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये, बॉयलरच्या खोलीत, लिफ्टच्या खड्ड्यात टॉवरच पोचला नाही तर प्रायॉरिटी घालायची कुठे? रेडिओ मात्र वेळ पडली तर रेडिओशी थेट बोलू शकतो, मध्ये कोणी नाही. फर्स्टनेटवर वॉकीटॉकीसारखं बटण दाबून बोलायचं ॲप आहे, छान चालतं, वेगवेगळ्या गावचे स्क्वॉड एका ग्रुपवर येतात, पण टॉवर गेला की तेही मुकं. आमचा क्रू चीफ फोनला "तुझं खेळणं" म्हणतो. पहिल्या वर्षी मला राग यायचा.

भारतातून विचारतात की तिकडे असं कधी. २६ जुलै २००५ ला मी दादरला अडकले होते, कोणाचाच फोन लागत नव्हता, तेव्हापासून हा प्रश्न माझ्याही डोक्यात आहे. जून २०१८ मध्ये ट्रायने पोलीस, फायर आणि आपत्तीच्या कामासाठी देशभर एकच ब्रॉडबँड नेटवर्क असावं, त्यात एमटीएनएल-बीएसएनएलचं जाळं वापरावं अशी शिफारस केली होती. कागद वाचला मी, मुद्दे पटणारे आहेत, आणि दादरची ती रात्र अनुभवलेल्या कोणालाही पटतील.

खर्चाचं म्हणाल तर माझं महिन्याचं बिल आधीपेक्षा कमीच येतं. स्वतः एकट्याने घेतलं तर एक प्लॅन, स्क्वॉडने सगळ्यांसाठी घेतलं तर दुसरा, तेव्हा आधी कॅप्टनला विचारा. घरच्यांच्या लाइनला ही प्रायॉरिटी मिळत नाही, नवऱ्याने हट्ट करून झाला.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नॅशव्हिल आणि त्या पहाटेसाठी. आणि २०१२ च्या कायद्यात हे सगळं बघणाऱ्या सरकारी संस्थेची मुदत १५ वर्षांचीच लिहिलीय, फेब्रुवारी २०२७, तिकडे लक्ष ठेवून आहे.

घेणार असाल तर एक सूचना. मी ज्या दुकानात गेले तिथल्या पोराने फर्स्टनेट हे नावच पहिल्यांदा ऐकलं होतं, अर्धा तास मला साधा फॅमिली प्लॅन विकत होता. स्क्वॉडचं आयडी आणि कॅप्टनचं पत्र दोन्ही घेऊन जा, आणि फोन आधीच्या कंपनीकडून अनलॉक करून न्या, माझी तेवढ्यासाठी दुसरी फेरी पडली.