सोलर झटका मशीन: जंगलाला लागून शेत असेल तर वाचा

शेताभोवतीच्या तारेत सोलरवर क्षणभराचा झटका सोडणारं हे मशीन दोन हंगाम वापरलं, मग लिहितोय. आमचं शेत जंगलाला अगदी चिकटून, मधे फक्त एक चर. जंगलाला संरक्षण मिळालं तशी झाडं वाढली, जनावरंही वाढली, त्याचा मला आनंदच आहे. पण रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करतो ते ज्याने सकाळी जाऊन बघितलंय त्यालाच कळेल, खातात थोडं आणि उकरून तुडवून ठेवतात जास्त. मोठ्या शेतकऱ्याचा एक कोपरा जातो, आमचं अख्खं शेतच त्या कोपऱ्याएवढं आहे.

आधी आम्ही घरातले सगळे पाळीपाळीने जागल करायचो, पार काढणीपर्यंत. रात्रभर जागलेला माणूस दिवसा काय काम करणार, आणि मुलगा शाळेत बाकावरच झोपायचा. जिथे नुकसानभरपाई मिळते तिथेही गेलेलं पीक मोजतात, या जागरणाचा हिशोब कोणीच धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मशीनबद्दल. पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी आणि एनर्जायझर, म्हणजे बॅटरीवरून तारेत झटके सोडणारा डबा, बस एवढंच. व्होल्टेज हजारोंमधे असतं पण झटका अगदी क्षणाचा आणि दोन झटक्यांत किमान १ सेकंदाचं अंतर, त्यामुळे जनावर दचकून मागे पळतं, मरत नाही. प्लीज कोणी मेन लाइनचा करंट थेट तारेत सोडू नका, त्याने जनावरंही मरतात आणि माणसंही.

पहिला महिना मात्र काहीच फरक पडला नाही. बसवायला आलेल्या माणसाने अर्थिंगचा, म्हणजे करंट जमिनीतून मशीनकडे परत यायला लागतो तो, एकच रॉड ठोकला आणि गेला, माती कोरडी, झटका बसणार कसा? नंतर मी स्वतः ओल टिकते अशा जागी अंतर ठेवून तीन रॉड ठोकले तेव्हा कुठे टेस्टरवर नीट आकडा आला. सगळ्यात खालची तार गुडघ्याच्याही खाली घ्या, डुक्कर नाक खुपसत येतं, तिथेच झटका बसला पाहिजे. आणि गवत! तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, पावसाळ्यात आठवड्याला कापावं लागतं, हे विकणारा सांगत नाही. माकडांवर काही उपयोग नाही, ती झाडावरून सरळ आत उडी मारतात.

पण झोप मिळाली. खरंच सांगतो, काढणीच्या दिवसात घरात सगळे एकावेळी झोपलेत हे मी कितीतरी वर्षांनी बघितलं.

कुंपण घातलं म्हणजे जंगलाशी भांडण असं समजू नका, त्याच जंगलातल्या मधमाश्या आमच्या फुलांवर येतात. कोस्टारिकातल्या एका कॉफीच्या मळ्यावरचा अभ्यास २००४ मधे छापून आला होता, त्यात जंगलापासून साधारण १ किलोमीटरच्या आत उत्पन्न २० टक्के जास्त निघालं, कारण परागीभवन करणाऱ्या मधमाश्या. केनियात तर हत्तींना अडवायला तारेवर मधमाश्यांच्या पेट्याच टांगतात, हत्ती लांब राहतात आणि शेतकऱ्याला मधाचे पैसेही मिळतात. जंगल राखण्याचा फायदा सगळ्यांना होतो, मग कुंपणाचा खर्च एकट्या कडेच्या शेतकऱ्याने का करायचा? यात मदत मिळायलाच हवी.

एक गोष्ट मला आधी सुचलीच नाही. आमच्याकडून अडलेली डुकरं शेजारच्या शेतात घुसली, त्याच्याकडे कुंपण नव्हतं, त्याचं पीक गेलं. तो काही बोलला नाही पण मला समोर जायची लाज वाटली. आता आम्ही तिघे मिळून सगळ्या शेतांना एकच लांब कुंपण करतोय. एवढ्या लांबीला किती जूलचं (झटक्याची ताकद जूलमधे मोजतात) मशीन पुरेल, कोणी वापरत असाल तर सांगा, आणि अर्थिंग कुठेकुठे घेतलं तेही.