83,000 रुपये अक्कलखाती जमा

गॅरेजचं नाव लिहिणार नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पुण्याच्या बाजूचं आहे, जुन्या टू-स्ट्रोक गाड्या 'कस्टम' करून देतात आणि त्यांचे व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रात्री झोपायच्या आधी बघितले असतील. मीही तसेच बघितले होते.

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. यामाहा आरएक्स 100, 1990 ची, एमएच 11 पासिंग. अण्णा दूध संघात सुपरवायझर होते आणि पहाटे चारला याच गाडीवर सेंटरं फिरायचे. 2004 साली एकदा बोअर केला, म्हणजे ब्लॉक (पिस्टन ज्यात खालीवर होतो तो सिलिंडर) आतून घासून रुंद केला, पिस्टन 0.25 मिमी ओव्हरसाइज टाकला, त्यानंतर इंजिनाला कुणाला हात लावू दिला नाही. कंपनीने हे मॉडेल 1996 ला बंद केलं, त्यामुळे मूळ ब्लॉक, मूळ कार्ब्युरेटर, मूळ चाकं यांना आज काय भाव आहे ते वेगळं सांगायला नको. मला तो भाव माहीत होता. म्हणून तर जास्त लाज वाटते.

मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. दुसऱ्यांची कागदपत्रं तपासायचा मला पगार मिळतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये गाडी दिली. ठरलं ते असं : मागून गाडी खाली बसवायची म्हणजे आखूड शॉकअप, तारांची दोन्ही चाकं काढून मॅकव्हील म्हणजे अलॉयची ओतीव चाकं, मागे रुंद टायर, सपाट सीट, छोटं हँडल आणि रंग. एकूण 68,000. त्यातले 30,000 आगाऊ, यूपीआयने. पंचवीस दिवसांत गाडी देतो, गॅरेजवाला म्हणाला. आता तुम्ही म्हणाल, एवढी चांगली गाडी कापायला दिलीच कशाला? अहो, घरात पडून होती. अण्णांचे गुडघे गेले, ते चालवत नाहीत. मला वाटलं, जरा देखणी करून घेऊ, रविवारी फिरवू. चाळीशीला आलेल्या माणसाने एवढीही हौस करू नये का?

मार्चमध्ये फोन आला : 'दादा, तुमच्या चाकांचा सेट आलाय, एकदम सीलबंद. पण दुकानदार रोखच घेतो, बिल घेतलं तर जीएसटी तुमच्याच डोक्यावर.' 18,000 रोख. जीएसटी वाचला म्हणून मी त्या दिवशी खूश होतो. रोखीचा आग्रह झाला की कर्जदाराच्या फाइलवर लाल शेरा मारणारा मी, स्वतःच्या वेळी पाकीट काढून मोकळा झालो.

आणि आता ती वेळ, जी आठवली की अजून कान तापतात.

एप्रिलचा दुसरा रविवार. न कळवता गेलो, हे एक शहाणपण केलं. पण हातात अर्धा किलो कंदी पेढे घेऊन गेलो. गाडी विटांवर उभी, दोन्ही चाकं गायब. ते अपेक्षितच होतं. पण हेडही (ब्लॉकवरचं झाकण) उतरवलेलं, ब्लॉक बाहेर. इंजिनाचं काम ठरलेलंच नव्हतं. मी विचारलं, 'भाऊ, इंजिन का उघडलं?' तो हसला. 'दादा, केवढा कार्बन धरला होता बघा! म्हटलं घरचीच गाडी आहे, साफ करून देऊ. तुमच्याकडून याचे काय पैसे घ्यायचे?'

फुकट ते पौष्टिक. टू-स्ट्रोकला कार्बन धरतोच आणि ब्लॉक काढल्याशिवाय पोर्ट नीट साफ होत नाही, हेही खरंच. म्हणून तर पटलं. पण तिथल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर रॉकेलच्या ट्रेमध्ये तीन ब्लॉक होते. तीन. सगळे काळे, एकालाही चिठ्ठी नाही, नंबर नाही. शेजारी एक पिस्टन पालथा पडला होता. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा कोरलेला असतो, हे मला ठाऊक आहे. 2004 साली अण्णांनीच दाखवला होता. तो पिस्टन उचलून सुलटा करायला दोन सेकंदं लागली असती. मी काय केलं? पेढ्यांचा पुडा उघडून तिथल्या पोरांना वाटला. 'थँक यू भाऊ' म्हणालो. चहाचे पैसेसुद्धा मीच दिले.

निघताना त्याने विचारलं, 'जुनी चाकं भंगारात टाकू ना? कुठं वागवत बसता!' मी म्हटलं, नको, ती घरी न्यायची आहेत. 'बरं, डिलिव्हरीला देतो.' तेव्हाच गाडीत टाकून आणायची होती. मोटारीची डिकी रिकामी होती, पण बायको म्हणाली ग्रीस लागेल. तिला दोष देत नाही, पण म्हणाली खरी.

दुसरी वेळ त्याहून नामुष्कीची. मेमध्ये म्हणाला, 'दादा, जुलैत तुमचं पासिंग संपतंय. चाकं बदलल्यावर आरटीओ अडवणार. त्यापेक्षा गाडी विंटेजमध्ये टाकू, व्हीए सिरीजचा नंबर, मग कुणी हात लावत नाही. माणूस आहे आपला. 15,000.' मी दिले. रोख.

2021 चा केंद्राचा विंटेज गाड्यांचा नियम आहे : पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि गाडीत मूळ रचना बदलेल असं काम केलेलं नसावं. 2025 वजा 1990. उत्तर पस्तीस. भारतातली सगळ्यात पहिली आरएक्स 100 1985 ची, म्हणजे देशातली एकही आरएक्स 2035 च्या आधी या नियमात बसत नाही! शिवाय जिची चाकं काढून मागची बाजू खाली बसवली, ती कशात बसणार? व्याजाची आकडेमोड तोंडी करणाऱ्या माणसाला ही वजाबाकी सुचली नाही. 'आपला माणूस आहे' हे तीन शब्द ऐकले की आपल्याकडच्या भल्याभल्यांचं गणित थांबतं.

18 मे रोजी गाडी मिळाली. उरलेले 20,000 यूपीआयने दिले. रंग झकास दिला होता, ते कबूल करतो. जुनी चाकं? 'पोराने चुकून भंगारवाल्याला दिली, दादा.' मी भांडलो, त्याने हात जोडले, मी घरी आलो. अण्णांना आठवडाभर सांगत राहिलो की चाकं गॅरेजवरच आहेत.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी साइड स्टँडवर लावलेली गाडी धाडकन पडली. मागची बाजू खाली आली की तेवढ्याच लांबीचा स्टँड गाडीला जवळजवळ सरळ उभी करतो. वाऱ्याची झुळूकही पुरते. डबल स्टँड तर त्याने काढूनच टाकला होता. गावात पहिल्या स्पीडब्रेकरला सायलेन्सर घासला. बायको मागे बसली की टायर मडगार्डला लागून खर्रर्र आवाज. चेन सरळ रेषेत नव्हती, कारण मागचं चाक कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं, आत बुश घालून कसंबसं बसवलेलं. तीन आठवड्यांत स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झिजले.

मॅकव्हीलचं सत्य पंक्चरवाल्याने सांगितलं. मागच्या चाकाची हवा रोज उतरायची. त्याने टायर काढला, रिमच्या आतल्या बाजूने स्क्रू-ड्रायव्हर फिरवला, पावडर कोटिंगचा पापुद्रा उडाला आणि खाली करंगळीएवढी लांब वेल्डिंगची रेघ. 'साहेब, हे फुटलेलं चाक आहे. जोडून रंगवलंय. घाटात नेऊ नका.' सीलबंद. 18,000.

आणि ब्लॉक. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. मी किक मारली, त्यांनी ऐकलं, मग काठी टेकत आले आणि हाताने किक दाबून बघितली. म्हणाले, 'हलकी लागतीया. ह्यो ब्लॉक आपला न्हाई.' मी म्हटलं, अण्णा, असं किकवरून कुठं कळतं का? दुसऱ्या दिवशी गावच्या फिटरने हेड उतरवलं. पिस्टनवर आकडा : 1.00. आमचा 0.25 होता. म्हणजे बोअर करून करून संपलेला, शेवटच्या साइजचा ब्लॉक आमच्या गळ्यात आणि आमचा ब्लॉक दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत. कार्ब्युरेटरही बदललेला निघाला. मिकुनीचा शिक्का होता तो गेला, बिनशिक्क्याचा आला.

गाडी गॅरेजला द्यायच्या आधी ब्लॉकचा, कार्ब्युरेटरचा, हबचा (चाकाचा मधला भाग) जवळून फोटो काढा. चेसी आणि इंजिन नंबरचे फोटो सगळेच काढतात, पण चोरी तिथे होत नाही, सुट्या भागांची होते. माझ्याकडे गाडीसोबतचे चाळीस फोटो आहेत. सगळ्यांत मी आहे.

आता सरकारदरबार. आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात गेलो. 'व्यवहार पुण्याचा, तिकडे जा.' रजा टाकून तिकडे गेलो. 'पैसे तुम्ही तुमच्या गावातून पाठवले ना? मग तिकडेच.' यूपीआय म्हटल्यावर एकाने 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगितलं. तिथून उत्तर : तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वतःच्या मर्जीने पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा होत नाही. परत ठाण्यात. 'ही दिवाणी बाब आहे. काम आवडलं नाही म्हणून गुन्हा कसा दाखल करायचा?' अहो, काम आवडलं नाही अशी तक्रार नाहीच! ब्लॉक चोरला, चाकं विकली, खोट्या नोंदणीचे पैसे घेतले! साहेबांनी विचारलं, 'ब्लॉक म्हणजे?' मी टेबलावरचा ग्लास उपडा ठेवून समजावलं. अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून घेऊन मग योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय, हे मला नंतर वकिलांकडून कळलं. तुम्ही छापील कलम घेऊन जा. फरक पडेलच असं नाही, पण निदान तुम्हाला इकडून तिकडे फिरवायला त्यांना जरा विचार करावा लागेल.

आरटीओत जुलैमध्ये नूतनीकरणाला गेलो तेव्हा तर चोर सोडून संन्याशाला फाशी. निरीक्षकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, 'हे कुणी केलं?' मी कहाणी सुरू केली. ते म्हणाले, 'मालक तुम्ही आहात.' मोटार वाहन कायद्याचं कलम 52, मंजुरीशिवाय बदल. कलम 182अ(4) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्येच सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. बदल मोजायला लागलो तर माझी बोटं पुरली नसती. त्यांनी दंड लावला नाही, गाडी मूळ रूपात आणा म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण 'विंटेज'चे 15,000 कुणाला पोचले हे विचारल्यावर सगळ्या खिडक्यांवर एकदम कामाची गर्दी झाली.

मूळ रूपात आणायचा खर्च, पैशांत सांगतो : पुण्याच्या नाना पेठेतून हबसकट जुन्या अठरा इंची चाकांची जोडी 11,000, शॉकअप 2,600, साइड स्टँड 400, मजुरी 1,350. एकूण 15,350. आधीचे 83,000. बेरीज 98,350, आणि ब्लॉक अजून मिळालेला नाही. फिटर म्हणतो आहे त्याच ब्लॉकमध्ये स्लीव्ह, म्हणजे आतली नवी नळी, टाकून चालवू. अण्णा नको म्हणतात.

ऑगस्टमध्ये जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर चाकं शोधताना एक जाहिरात दिसली. आरएक्सची ओरिजिनल जोडी. तिसऱ्या फोटोत मागचा हब. 1993 साली गावात गाड्या चोरीला जायला लागल्या तेव्हा अण्णांनी हबवर नंबरप्लेटचे चार आकडे पंचने ठोकले होते, आणि त्यातला सात वाकडा गेला होता. तोच वाकडा सात. मी नवीन गिऱ्हाईक म्हणून निरोप टाकला. दोन मिनिटांत उत्तर : 'आहे दादा. 12,500 फिक्स. एकहाती गाडीची चाकं आहेत, म्हाताऱ्या माणसाची. हबवर जुना नंबरपण आहे बघा.'

स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. 'फोटोवरून काय सिद्ध होतं? सात कुणाचाही असू शकतो.' संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार गेली. आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, गॅरेजच्या गावी जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. दोन वर्षांची मुदत असते, ती घालवू नका. आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, पण फाइल चढवताना तीनदा बंद पडलं. वकील म्हणतात, यूपीआयचे 50,000 दाखवता येतील. रोखीचे 33,000 विसरा. त्या दोन्ही वेळी मोबाइल माझ्या हातातच होता, आणि पैसे यूपीआयने पाठवतो म्हटल्यावर तो कसा गडबडला होता तेही मला दिसलं होतं.

काम देण्याआधी कोऱ्या कागदावर यादी करा : काय काढणार, काय घालणार, काढलेलं कुणाचं. खाली सही घ्या. जो सही द्यायला लाजतो त्याच्याकडून गाडी तशीच ढकलत परत आणा. आणि रील बघून गॅरेज निवडू नका. त्यात गाडी निघताना दाखवतात, स्टँडवर उभी राहिलेली दाखवत नाहीत.

आणि एक विनंती. पुण्या-मुंबईकडे, कोल्हापूर-सांगलीकडे कुणी आरएक्सची जुनी चाकं घेत असाल तर मागचा हब पालथा करून बघा. चार आकडे ठोकलेले असतील आणि सात वाकडा असेल तर पैसे देऊ नका. आधी मला कळवा. अण्णांना अजून रंगाचंही काही बोलायचं नाहीये, पण त्या हबबद्दल ते रोज विचारतात.