मॉनिटरिंग डीमनला वेसण कोणती घालावी: एसईलिनक्स की अ‍ॅपआर्मर?

या दोन्ही लिनक्समधल्या सुरक्षा यंत्रणा: कोणत्या प्रोग्रामला कशाला हात लावता येईल हे त्या पॉलिसीतल्या, म्हणजे लिहून दिलेल्या, नियमांनी ठरवतात. वेब सर्व्हर त्यांनी बंदिस्त करणं त्या मानाने सरळ असतं. ठरलेल्या दोन-चार डिरेक्टऱ्या, एखाद-दुसरं पोर्ट, बाकी सगळं बंद. मॉनिटरिंग डीमनचं, म्हणजे मशीनचे आकडे गोळा करत पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामचं, तसं नाही. त्याचं कामच मुळी सगळीकडे डोकावण्याचं: प्रत्येक प्रोसेस, प्रत्येक माउंट, प्रत्येक डिस्क. लिहायचं मात्र त्याला जवळजवळ काहीच नसतं. त्यात तो बरेचदा रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालतो आणि नेटवर्कवर बोलतो. त्यामुळे ‘सगळं बघ, पण गुपितांना हात लावू नकोस’ हे पॉलिसीत कसं मांडायचं, हा खरा पेच. एकाच कामाच्या डीमनसाठी मी दोन्हीकडे पॉलिसी लिहिली आणि दोन्ही चालवल्या. त्या अनुभवावरून हे लिहितोय. तुमचा डीमन वेगळा असेल तर निष्कर्षही थोडा वेगळा निघू शकतो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. तुम्ही रेड हॅट किंवा फेडोराच्या घराण्यात असाल आणि कलेक्टडी किंवा झॅबिक्स एजंट यांसारखा मॉनिटरिंग डीमन डिस्ट्रोच्याच (लिनक्स वितरणाच्याच) पॅकेजमधून घेत असाल, तर त्यांच्यासाठी एसईलिनक्सच्या तयार पॉलिसीत डोमेन (प्रोसेसला नेमून दिलेला नियमांचा कप्पा) आहे, नेटवर्कसाठी बूलियनही (चालू-बंद करायची बटणं) आहेत. तिथे निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही. उबुंटू आणि १०व्या आवृत्तीपासून डेबियन अ‍ॅपआर्मर चालू ठेवूनच येतात. ओपनसुसे टम्बलवीडने मात्र २०२५ मध्ये नव्या इन्स्टॉलेशनसाठी अ‍ॅपआर्मर सोडून एसईलिनक्स धरला. डिस्ट्रोच्या विरुद्ध दिशेला जायचं असेल तर त्याला तितकंच सबळ कारण हवं.

प्रश्न पडतो तो स्वतः बांधलेल्या किंवा बाहेरून आणून बसवलेल्या डीमनबाबत. एसईलिनक्सच्या मशीनवर असा डीमन सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) सुरू केला की तो सहसा ‘अनकन्फाइन्ड सर्व्हिस’ या डोमेनमध्ये जातो, म्हणजे जवळपास मोकळाच. त्याला बांधायचं तर नवं डोमेन, बायनरीसाठी लेबल (एसईलिनक्स ज्यावरून फाइल ओळखतो ती चिठ्ठी) आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचा नियम, एवढं लागतं. सांगाडा तयार करून देणारं साधन आहे, आणि फक्त तेवढंच डोमेन परमिसिव्ह (अडवायचं नाही, नुसती नोंद करायची) ठेवण्याची सोयही आहे. बाकी मशीनचा पहारा ढिला न करता डीमनला आठवडाभर नुसतं बघत राहता येतं. अ‍ॅपआर्मरचा कम्प्लेन मोड त्याच कामाचा. इथपर्यंत दोघं बरोबरीत.

माझा कौल फिरला तो /प्रॉकमध्ये, म्हणजे कर्नल प्रत्येक प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात जिथे दाखवतो त्या डिरेक्टरीत.

एसईलिनक्समध्ये /प्रॉक/पीआयडीखालच्या (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) फाइलींना त्या त्या प्रोसेसचंच लेबल लागतं. स्टॅट, स्टेटस, आयओ, एन्व्हायरन, सगळ्या एकाच दावणीला. डीमनला एखाद्या डेटाबेस प्रोसेसने किती सीपीयू खाल्ला हे वाचू द्यायचं, तर त्या डोमेनच्या फाइली वाचण्याची परवानगी द्यावी लागते. ती दिली की एसईलिनक्सच्या लेखी एन्व्हायरनही उघडा. आणि एन्व्हायरनमध्ये काय असतं हे सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही सांगायला नको: डेटाबेसचे पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या, टोकन. साध्या युजरच्या डीमनला कर्नलच्या नेहमीच्या परवानग्या तिथे अडवतात. पण रूट म्हणून चालणाऱ्या डीमनला, प्ट्रेसची क्षमता (दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकावण्याचा अधिकार) हातात असताना, अडवायला कुणीच उरत नाही. आणि प्रत्येक प्रोसेसची डिस्कवरची वाचन-लेखनं मोजायची तर आयओ फाइलसाठी ती क्षमता द्यावीच लागते. एसईलिनक्सच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की दुसऱ्या प्रोसेसची मेमरी थेट वाचायला तो वेगळी परवानगी मागतो. ते दार बंदच राहतं.

अ‍ॅपआर्मर फाइल नावाने (पाथने) ओळखतो, लेबलाने नाही. एरवी हीच त्याची दुबळी बाजू समजली जाते, पण /प्रॉकमध्ये ती नेमकी उपयोगी पडते. सगळ्या पीआयडींसाठीचं तयार व्हेरिएबल घ्यायचं, पुढे स्टॅट लिहायचं, वाचनाचा आर द्यायचा, ओळ पुरी. तशाच ओळी स्टेटस आणि आयओसाठी. एन्व्हायरनचं नावच नाही, म्हणजे ते बंद. प्ट्रेसची वाचनापुरती परवानगी दिली तरी फाइलच्या नावाची अट वेगळी तपासली जाते, म्हणून एन्व्हायरन बंदच राहतं. माझ्या दृष्टीने मॉनिटरिंग डीमनच्या पॉलिसीतला सर्वात मोलाचा भाग हाच, आणि तो इथे तीन-चार ओळींत होतो. अट एकच: घाई करून /प्रॉकच्या पुढे दोन तारे लावून (म्हणजे त्याखालचं सगळं उघडून) मोकळं व्हायचं नाही. तयार प्रोफाइल (एका प्रोग्रामसाठीच्या नियमांची फाइल) कुठून उचललं असेल तर ती ओळ आधी शोधा.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण मॉनिटरिंगमध्ये ती जास्त बोचते. परवानगी नाकारली म्हणून हा डीमन सहसा कोसळत नाही. तो आकडा गाळतो आणि पुढे जातो. ग्राफ येत राहतो, फक्त एखादा माउंट त्यात नसतो किंवा प्रोसेसांची संख्या कमी दिसते. एसईलिनक्सच्या पॉलिसीत डोन्टऑडिटचे नियम जागोजागी आहेत. तिथे नकार मिळतो, पण नोंद होत नाही. ऑडिट लॉग स्वच्छ आणि आकडा खोटा, हे मला सहन होत नाही. सेमॉड्यूल या कमांडला सांगून ते नियम तात्पुरते उठवता येतात, पण ते अख्ख्या मशीनचे उठतात. मग नोंदींच्या ढिगातून आपल्या डीमनच्या तेवढ्या वेचत बसावं लागतं. अ‍ॅपआर्मरमध्ये मुकाट नकार मिळतो तो फक्त तुम्ही स्वतः डेनाय (नकाराचा नियम) लिहिलं तिथेच. (हा डेनाय कम्प्लेन मोडमध्येही लागू होतो, हे ध्यानात ठेवा.)

अ‍ॅपआर्मरचा त्रास नाही असं नाही. सिस्टमडीच्या युनिटमध्ये प्रायव्हेट टेम्प किंवा प्रोटेक्ट सिस्टम चालू केलं की माउंट नेमस्पेस (डीमनला दिसणारी माउंटची मांडणी) बदलतो आणि जर्नलच्या (सिस्टमडीच्या लॉगच्या) सॉकेटचा पाथ ‘डिसकनेक्टेड’ म्हणून नाकारला जाऊ शकतो. अटॅच डिसकनेक्टेड हा फ्लॅग लावून ते सुटतं, पण कारण सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. थ्रेडनिहाय आकडे हवे असतील तर /प्रॉकमधल्या टास्कखालचे पाथ वेगळे लिहावे लागतात. आणि दर काही सेकंदांनी तोच नकार उमटत राहिला, ऑडिट डीमन चालू नसला, तर कर्नल लॉगमधल्या गर्दीत काही नोंदी गळतात. म्हणून प्रोफाइल लिहिताना ऑडिट डीमन चालू ठेवाच.

लॉगमध्ये ऑपरेशन म्हणून ‘प्ट्रेस’ दिसलं तर दचकू नका. डीमन कुणाला डीबग करत नसतो. मागितलेली परवानगी ‘रीड’ असेल तर तो बहुधा दुसऱ्याची आयओ किंवा एक्झी फाइल वाचू पाहतोय. ‘ट्रेस’ दिसलं तर मात्र थांबून चौकशी करा.

डिस्कची तब्येत बघायला स्मार्टसीटीएल चालवत असाल, तर तेवढ्यापुरतं चाइल्ड प्रोफाइल त्याच फाइलमध्ये लिहा. रॉ आयओची क्षमता आणि डिस्कचं डिव्हाइस त्याच्याकडे, मूळ डीमनकडे यातलं काही नाही. एसईलिनक्समध्येही हे होतं, फक्त त्यासाठी वेगळं डोमेन आणि त्यात जाण्याचा नियम लागतो.

एसईलिनक्स कुठे पुढे आहे? जिथे एकाच मशीनवर अनेक भाडेकरूंचे कंटेनर आहेत, किंवा फाइलचं नाव बदललं, हार्डलिंक झाली तरी तिची ओळख टिकायला हवी, तिथे. लेबल इनोडला (डिस्कवरच्या फाइलच्या मूळ नोंदीला) चिकटलेलं असतं, पाथला नाही. सगळ्या मशीनची पॉलिसी सांभाळणारा माणूस तुमच्याकडे असेल तर एका डीमनसाठी घर बदलू नका. तिथे डीमन रूटऐवजी वेगळ्या युजरने चालवा आणि प्ट्रेसची क्षमता काढून घ्या. प्रोसेसनिहाय आयओचे आकडे जातील, बाकीचे बहुतेक राहतील, आणि एन्व्हायरन बंद होईल.

अ‍ॅपआर्मर घेतलात तर एक तपासणी चुकवू नका. नवं प्रोफाइल लोड केलं तरी आधीपासून मोकळा चालू असलेला डीमन त्यात शिरत नाही, तो रीस्टार्ट करावा लागतो. एए-स्टेटस या कमांडच्या उत्तरात शेवटाकडे, प्रोफाइल असूनही मोकळ्या फिरणाऱ्या प्रोसेसांची यादी येते. तुमच्या डीमनचं नाव त्यात असेल, तर वरच्या सगळ्या ओळी अजून नुसत्या फाइलमध्येच आहेत.