म्हापशातला जपानी क्लास: भाषेसाठी जा, पण शनिवारचा प्रश्नांचा तास चुकवू नका

म्हापशाला बाजारापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा क्लास आहे. नाव आणि नंबर टाकत नाहीये कारण सेन्सेईंनीच (म्हणजे शिकवणाऱ्या बाईंनी) सांगितलंय की ऑनलाइन टाकू नका, बॅच आधीच भरलेली असते, पण बाजारातल्या झेरॉक्सवाल्याला जपानीचा क्लास विचारलात तरी तो जिना दाखवेल. मी डिचोलीची, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, कांदोळीला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, आणि जपानला कामासाठी जायचं हे नक्की ठरवलंय. आमच्याकडे शिपवर जाणारे, लंडनला जाणारे, दुबईला जाणारे घरोघरी आहेत, त्यामुळे तिथलं काय विचारायचं असेल तर शेजारच्या दारात विचारता येतं. जपानचं तसं नाही, विचारणार कोणाला? म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय.

भाषा शिकवण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते चांगलंच आहे. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी एन-५, तिथपासून एन-३ पर्यंत घेतात, हिरागाना-काताकाना या लिप्या पाठ झाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि शिकवताना इंग्रजीचा आधार न घेता सरळ मराठी-कोंकणीतून समजावतात. आपल्याला हे फार सोपं पडतं कारण क्रियापद तिथेही शेवटी येतं आणि आपल्या 'ला', 'चा', 'पासून' सारखे तुकडे तिथेही शब्दाच्या मागे लागतात. मी आधी एका ॲपवर इंग्रजीतून शिकायचा प्रयत्न करत होते तेव्हा जे डोक्यात शिरत नव्हतं ते इथे पहिल्या आठवड्यात शिरलं. सेन्सेई मूळच्या फोंड्याच्या, बरीच वर्षं नागोयाला नोकरी करून परत आलेल्या, त्यामुळे जे सांगतात ते स्वतः केलेलं असतं.

आता खरा मुद्दा. शनिवारी शेवटचा तास फक्त प्रश्नांचा असतो. टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवलेला असतो, त्यात चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही, मराठी कोंकणी हिंदी इंग्रजी कशातही लिहा. सेन्सेई एकेक चिठ्ठी उघडतात, मोठ्याने वाचतात आणि उत्तर देतात, आणि चिठ्ठी कितीही बावळट असली तरी कोणाला हसू देत नाहीत. पगार किती उरतो, रंगावरून बोलतात का, भूकंप आला तर काय, सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ करावी लागते म्हणतात ते खरं का, असले सगळे प्रश्न येतात. (आंघोळीचं उत्तर: ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात, हो, कपडे न घालताच, बायका-पुरुष सहसा वेगळे, आणि अंगावर टॅटू असेल तर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. आमच्या बॅचमधल्या बागा-कळंगुटच्या दोघांनी लगेच बाह्या खाली ओढल्या, तेव्हा सेन्सेईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की हॉटेलच्या नोकरीतही टॅटू दिसला तर अडचण येऊ शकते, इंटरव्ह्यूच्या आधीच विचारून घ्या.)

पैशाचं उत्तर मात्र प्रत्येक आईबापाने ऐकावं असं आहे. मी इथे येण्याआधी एका कन्सल्टन्सीत गेले होते, कुठली ते सांगत नाही, तिथे मला सांगितलं की स्टुडंट व्हिसावर जा, लँग्वेज स्कूलला ॲडमिशन घ्या, पार्ट टाइम करा, फी-भाडं सगळं त्यातून सुटतं आणि वर घरी पाठवायलाही उरतं. हाच प्रश्न डब्यातून निघाला तेव्हा सेन्सेईंनी फळ्यावर हिशोब मांडला. स्टुडंट व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी लागते आणि ती मिळाली तरी आठवड्याला २८ तासच, शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. टोकियोत तेव्हा, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासून, किमान वेतन होतं तासाला १,१६३ येन. २८ तास, चार आठवडे, म्हणजे महिन्याला १,३०,२५६ येन, आणि तेही प्रत्येक आठवड्याला पूर्ण तास मिळाले तर. आता लँग्वेज स्कूलची फी वर्षाला साधारण सात ते नऊ लाख येन, ती बाराने भागा आणि वजा करा, मग खोलीचं भाडं, जेवण, फोन, हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता. फळ्यावर खाली काहीच उरलं नाही. मग वर्गातून कोणीतरी विचारलंच की २८ च्या वर गुपचूप केलं तर? उत्तर असं की टॅक्सच्या कागदावर कमाई दिसते आणि व्हिसा वाढवायला गेलं की तिथेच अडकतं. वाळपईचा एक मुलगा बागायत गहाण ठेवून जाणार होता, त्याच्या बाबांनी पुढच्या शनिवारी येऊन स्वतः हा हिशोब वहीत उतरवून नेला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या क्लासला पैकीच्या पैकी देईन.

जायचंच असेल तर कुठल्या दाराने, हेही त्या नीट फोड करून सांगतात. आमच्यासारख्या हॉटेलवाल्यांसाठी 'तोकुतेई गिनो' (ठरावीक कौशल्याच्या कामाचा) नावाचा व्हिसा आहे, २०१९ च्या एप्रिलपासून सुरू झालेला, भारताशी त्याचा करार २०२१ च्या जानेवारीत झाला. त्यासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही भाषेची परीक्षा, आणि त्या-त्या कामाची वेगळी परीक्षा. हॉटेलचं काम हे त्यातलं एक वेगळं क्षेत्र आहे. पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त पाच वर्षं आणि नवरा-बायको-मुलं नेता येत नाहीत, दुसऱ्या प्रकारात गेलात तर नेता येतात. एकाच क्षेत्रात नोकरी बदलता येते, आणि तेच काम करणाऱ्या जपानी माणसापेक्षा कमी पगार द्यायचा नाही असा नियम आहे. याच्या उलट शिकाऊ कामगारांच्या जुन्या 'टेक्निकल इंटर्न' योजनेत मालक बदलायला देत नाहीत, त्यावरून खूप ओरड झाली आणि शेवटी २०२४ मध्ये जपानच्या संसदेने ती योजना बंद करून नवी आणायचा कायदा केला, नवी २०२७ ला सुरू होणार. डिग्री असेल तर इंजिनियर-ह्युमॅनिटीजवाला व्हिसा वेगळा, पण तिथे फ्रंट ऑफिसला एन-२ शिवाय बहुतेक कोणी बघत नाही असं सेन्सेई म्हणतात आणि म्हणूनच मी एन-३ वर न थांबता पुढे करायचं ठरवलंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही सरकारांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांची ये-जा करायचं ठरवलं, त्यात भारतातून ५०,००० कुशल लोक जायचेत, ही बातमी आल्यापासून एजंट लोकांचे फोन वाढलेत, तर निदान हे दोन-तीन प्रकार वेगळे आहेत एवढं तरी माहीत करून मगच फोन उचला.

कूकचं प्रकरण तर सगळ्यांनी ऐकण्यासारखं. कळंगुटच्या शॅकवर तंदूर सांभाळणारा एक दादा येतो, त्याला जपानमधल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये जायचंय. त्या व्हिसाला सहसा १० वर्षांचा अनुभव लागतो, आणि नुसतं सांगून चालत नाही, जिथे जिथे काम केलं तिथलं पत्र लागतं. आता शॅक म्हणजे सीझनचं काम, पावसाळ्यात बंद, मालक दर दोन-तीन वर्षांनी बदलणार, पगार हातात रोख, पत्र देणार कोण? सेन्सेईंनी त्याला पुढचे दोन शनिवार थांबवून कुठल्या वर्षी कुठे होता त्याची यादी करून दिली, आणि कोणाकडून काय लिहून आणायचं तेही. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

मध्येच एकदा अंजिरोचा विषय निघाला आणि मला फार आवडला. जपानमधल्या सात्सुमाचा हा माणूस मलाक्काला ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरना भेटला, तिथून गोव्यात आला, १५४८ मध्ये इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्या कॉलेजची एक कमान तेवढी रस्त्याच्या कडेला उरलीय, आपण बसमधून तिच्या समोरून जातो. तिथल्या पाद्रींनी त्याला जपानबद्दल विचारून विचारून जे कळलं ते लिहून युरोपला पाठवलं. तिथले लोक आमचा धर्म घेतील का असं झेवियरनी विचारलं तर त्याचं म्हणणं असं होतं की आधी ते खूप प्रश्न विचारतील आणि मग तुम्ही बोलता तसे वागता का ते बघतील. १५४९ च्या ऑगस्टमध्ये दोघं जपानला, कागोशिमाला उतरले. म्हणजे जपानबद्दल परक्यांनी प्रश्न विचारायचे आणि एका जपान्याने उत्तरं द्यायची, हा तास गोव्यात पावणेपाचशे वर्षांपूर्वीच भरला होता! मला हे ऐकून खरंच अंगावर काटा आला.

राहण्याच्या बाबतीतही सेन्सेई गोड बोलत नाहीत. परदेशी माणसाला खोली देत नाहीत का? जपानच्या कायदा मंत्रालयाने स्वतः केलेला सर्व्हे २०१७ मध्ये बाहेर आला, त्यात घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी ३९.३ टक्के लोकांनी परदेशी आहे म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. मग मिळते तेव्हा डिपॉझिट, वर 'रेइकिन' म्हणून मालकाला द्यायचे पैसे जे परत येत नाहीत, गॅरंटर कंपनीची फी, आणि आत गेल्यावर फ्रिज-गादी तर सोडाच, कधी कधी दिवाही लावलेला नसतो. खोली बघताना इमारत १९८१ च्या आधीची की नंतरची ते विचारायचं, कारण त्या वर्षी भूकंपाचे बांधकामाचे नियम कडक झाले. पत्ता ठरला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला नोंद करायची. आणि पहिल्या वर्षी पगार छान वाटतो पण रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर बसतो, म्हणजे दुसऱ्या वर्षी जूनपासून तो कापला जायला लागतो, त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा. हे मला आजवर कुठल्याच एजंटने सांगितलं नव्हतं.

कचऱ्याचा तर प्रॅक्टिकलच होतो. भिंतीवर नागोयाच्या एका वॉर्डाचं कचऱ्याचं कॅलेंडर लावलंय, कुठल्या वारी जळणारा, कुठल्या वारी प्लास्टिक, कुठल्या वारी काच. आमच्या मधल्या सुट्टीतला कचरा आम्हीच वेगळा करायचा: पाण्याच्या बाटलीचं झाकण काढ, वरचं लेबल सोलून काढ, बाटली विसळ, चेप, मग टाक. लेबल राहिलं की सेन्सेई बाटली परत बाकावर आणून ठेवतात, काही न बोलता. आता मी घरीही तसंच करते आणि आई वैतागते.

खाण्याचं: आमच्यासारख्या नुस्तें खाणाऱ्यांना त्रास नाही, भात-मासळीच आहे. पण शिवराक असाल तर जपून, कारण भाजीच्या सूपमध्ये, नूडल्सच्या रसात, सॉसमध्येसुद्धा दाशी (उकळून काढलेला रस) असते आणि ती बऱ्याचदा सुकवलेल्या माशाची असते, वर तुकडा दिसत नाही म्हणून शुद्ध शाकाहारी समजू नका. टोकियोत निशी-कासाईला भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे डाळ-पीठ सगळं मिळतं. तिथल्याच एदोगावा वॉर्डातून २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते, हे ऐकून माझ्या आईला जरा धीर आला.

आता कमी काय आहे तेही लिहिते. बोलायचा सराव कमी पडतो. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते त्यामुळे सगळ्यांचा जोर वाचन-ऐकण्यावर, पण हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायचं तर तोंड उघडावं लागणार, यासाठी आठवड्यात एक तरी तास ठेवायला हवा असं मी सेन्सेईंना सांगितलंय. कांजी (जपानीतली चित्रासारखी अक्षरं) फार भरभर घेतात, नाइट ड्युटी करून येणाऱ्यांना झेपत नाही. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो, मे महिन्यात जीव नकोसा होतो. आणि नोकरी लावून देत नाहीत, ते त्यांचं कामच नाही, तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. परीक्षेला आमच्यातले बहुतेक पुण्याला गेले, रात्रीची बस आणि राहायचा खर्च धरून चाला, परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते.

फी दोन हप्त्यांत घेतात. नवी बॅच चवथ झाल्यावर सुरू होते, पण शनिवारच्या तासाला कोणीही येऊन बसू शकतं, पैसे लागत नाहीत, आईबाबांनाही आणा. शुक्रवारच्या बॅचला गाडी घेऊन मात्र जाऊ नका, त्या दिवशी म्हापशाचा बाजार असतो, पार्किंग मिळणार नाही, कदंबा बसने या.