पोस्टमास्टर टूल्स: हापूस गेला, आलेख कोरा

आमचा देवगड हापूस घरपोच पाठवायचा धंदा. मार्चमध्ये ९,००० जुन्या गिऱ्हाइकांना मेल गेला आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन गूगलचं पोस्टमास्टर टूल्स (जीमेलवर गेलेल्या आपल्या मेलचे आकडे दाखवणारं टूल) उघडून बसायचो. डोमेन (आमचा इंटरनेटवरचा पत्ता) व्हेरिफाइड, म्हणजे तो आमचाच असल्याची पडताळणी झालेली, पण आलेख कोरा. आठवडाभर हेच.

मेल पाठवणाऱ्या कंपनीचा सपोर्ट (नाव घेत नाही, सीझन अजून बाकी आहे) दर वेळी एकच सांगायचा: "सर, ४८ तास थांबा." शेवटी मलाच आलेला मेल जीमेलमध्ये उघडला, मेलचा तांत्रिक तपशील दाखवणारं 'शो ओरिजिनल' दाबलं. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, पास! पण सही कुणाची, तर त्या कंपनीच्या डोमेनची. आमच्या खात्यावर काही जमाच होत नव्हतं. मग सही आमच्या डोमेनची व्हावी म्हणून डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) दोन सीनेम रेकॉर्ड, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, टाकले. पुढच्या मेलनंतर दोन दिवसांनी पहिला ठिपका उगवला.

टूल फुकट आणि कामाचं. स्पॅमचा दर (किती टक्के मेल लोकांनी स्पॅम म्हणून कळवले तो) ०.१ टक्क्याखाली ठेवा, ०.३ ला पोचू देऊ नका, असं गूगल सांगतं. तो आकडा इथेच दिसतो. मात्र फक्त जीमेलपुरता, आउटलुकवाल्यांचं काही कळत नाही. आकडे त्याच दिवशी येत नाहीत, आणि मेल थोडे असले की दिवस कोराच जातो. पावसाळ्यात आमचे जेमतेम दोनशे मेल जातात. गेल्या जूनमध्ये कोरा आलेख बघून मी घाबरलो, डोमेन आमचं असल्याचा पुरावा म्हणून डीएनएसमध्ये ठेवलेला टीएक्सटी रेकॉर्ड काढला, आणि होती ती पडताळणीही घालवून बसलो.