‘तेहानू’ : आठ महिने आणि तीन वाचनांनंतर

आधीच सांगतो, पुढे कथानक बरंच उघड होणार आहे. ‘अर्थसी’ मालिकेतली पहिली तीन पुस्तकं वाचून चौथं, म्हणजे ‘तेहानू’, हातात घेणार असाल तर इथेच थांबा आणि ते संपवून परत या. चौथं वाचून वैतागला असाल तर मात्र जरूर वाचा. मीही वैतागलो होतो.

उर्सुला ले ग्विनची ही मालिका मी चौदाव्या वर्षी वाचायला लागलो. वर्गातल्या मित्राने पहिलं पुस्तक दिलं आणि पुढची दोन मी त्याच्या मागे लागून मिळवली. समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं. प्रत्येक वस्तूला एक खरं नाव, आणि ते ज्याला ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता. शेळ्या राखणारा गेड नावाचा मुलगा, जो पुढे सगळ्या जादूगारांचा प्रमुख होतो. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी जगाला पडलेलं एक भगदाड बुजवताना तो आपली सगळी शक्ती खर्च करून बसतो आणि ड्रॅगनच्या पाठीवरून घरच्या बेटाकडे निघून जातो. पुढे त्याचं काय झालं याच्या दोन कथा लेखिकेने शेवटी देऊन ठेवल्या आहेत. एकीत तो राज्याभिषेकाला येतो आणि आपल्या होडीतून एकटा समुद्रात निघून जातो. दुसरीत तो पायीच डोंगरातल्या रानात शिरतो. पंचवीस वर्षं मी पहिली कथा खरी धरून चाललो होतो. इतकी सुंदर अखेर दुसऱ्या कुठल्या मालिकेत मी वाचली नव्हती.

चौथं पुस्तक आहे हे माहीत होतं. मित्राने ते माझ्या आधी वाचलं होतं आणि “तू वाचू नकोस” एवढंच सांगितलं होतं. मी त्याचं ऐकलं. आठ महिन्यांपूर्वी मात्र ताईने मालिकेचा एकत्रित ग्रंथ दिला, २०१८ साली निघालेला, चार्ल्स वेसच्या चित्रांचा. जवळजवळ हजार पानं. (आडवं पडून हा ग्रंथ वाचता येत नाही, हात भरून येतात. मांडीवर उशी घेऊन वाचावा लागतो.) त्यात चौथं पुस्तक तिसऱ्याला लागूनच होतं, त्यामुळे टाळता आलं नाही.

पहिली तीन पुस्तकं १९६८, १९७१ आणि १९७२ सालची. ‘तेहानू’ आलं १९९० साली. म्हणजे ज्या मुलाने बाराव्या वर्षी तिसरं मिटलं, तो चौथं उघडताना तिशीचा झालेला होता. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर काय मिळतं? तेनार. दुसऱ्या पुस्तकात थडग्यांखालच्या अंधारातून गेडबरोबर बाहेर पडलेली ती पुजारीण आता गाँट बेटावर एका शेतकऱ्याची विधवा आहे. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा खलाशी. तिच्या पदरात एक लहान मुलगी येते, थेरू. जवळच्याच माणसांनी तिला मारहाण करून आगीत ढकललेलं असतं. एक डोळा गेलेला, एक हात जळून पंज्यासारखा झालेला. गेड येतो तो चौथ्या प्रकरणात, ड्रॅगनच्या पाठीवर, अर्धमेला. शुद्धीवर आल्यावर कळतं की त्याची जादू परत येणार नाही. मग तो काय करतो, तर राजाची माणसं आपल्याला शोधत आलीत म्हटल्यावर लाजेने लपतो आणि डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो.

मी ते चार दिवसांत वाचलं आणि पाचपैकी दोन तारे दिले. त्या वेळी लिहून ठेवलेल्या तक्रारी अजून माझ्या वहीत आहेत. प्रवास नाही. समुद्र नाही. नायकाची शक्ती काढून घेतली ते ठीक, पण त्याची उमेद का काढून घेतली? पानंच्या पानं चूल, शेळ्या, पाणी भरणं, फाटकं शिवणं. मधूनच बायका आणि पुरुष यांच्या शक्तीबद्दलच्या चर्चा. आणि वाईट माणसं इतकी खुजी, की ज्या जगात मी काळाकुट्ट मृत्यू पाहिला होता तिथे आता गावगुंडांची भीती.

मित्राला कळवलं तेव्हा त्याला जिंकल्यासारखं वाटलं. त्याचं मत आजही बदललेलं नाही: “भांडी घासण्याबद्दल वाचायला मी अर्थसीत जात नाही.” ताई मात्र हे पुस्तक मालिकेतलं सर्वांत मोठं मानते. आमच्या तिघांमध्ये जे भांडण झालं तेच या पुस्तकावरून १९९० पासून वाचकांमध्ये चालत आलंय. एका बाजूला, लेखिकेने स्वतःचंच जग मोडलं आणि आपली मतं गोष्टीवर लादली असं म्हणणारे. दुसऱ्या बाजूला, हे जग आत्ता कुठे पूर्ण झालं असं म्हणणारे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला पुरस्कार (विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार) याच पुस्तकाला मिळाला, आणि तरी वाद मिटला नाही. पुरस्काराने असले वाद मिटतही नाहीत. वाचकाला जिथे दुखतं ती जागा वेगळी असते.

ताईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: “दुसरं पुस्तक तुझं सर्वांत आवडतं ना? मग तेनारचं पुढे काय झालं असेल, हे तुला कधी पडलं होतं का?”

पडलं नव्हतं. गेडच्या दोन शेवटांपैकी कुठला खरा यावर मी आणि मित्राने शाळेत मधल्या सुट्ट्या घालवल्या होत्या. तेनारला गेड मोठ्या सन्मानाने राजधानीत नेतो, मग आपल्या गुरूकडे, ओगियनकडे ठेवतो, आणि तिसऱ्या पुस्तकात ती जवळजवळ नाहीच. तिच्यासाठी एकही कथा नव्हती. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, आणि मी स्वतःला त्या पुस्तकाचा भक्त समजत होतो.

दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा वाचायला घेतलं ते या टोचणीमुळे. या वेळी जाडजूड ग्रंथाचा फायदा झाला, कारण शंका आली की मागे जाऊन पाहता येत होतं. पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला गाँटवरची एक म्हण आहे, बायकांची जादू कमजोर आणि बायकांची जादू दुष्ट अशा अर्थाची. ती मी चौदाव्या वर्षी वाचली होती आणि जगाचा एक नियम म्हणून स्वीकारून पुढे गेलो होतो. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत फक्त मुलगे, हाही नियमच. ‘तेहानू’मध्ये नियम तेच आहेत. फक्त या वेळी ते ज्यांना लागू होतात त्यांच्या घरात आपण बसलेलो असतो. लेखिकेने जग मोडलं, हा आक्षेप माझ्यापुरता तिथेच संपला. मोडायला काही बदललेलंच नव्हतं, कॅमेरा तेवढा दुसरीकडे ठेवला होता.

एक प्रसंग सांगतो, कारण पहिल्या वाचनात मी तो घाईने ओलांडला होता. ओगियन मरतो. मरताना तो आपलं खरं नाव तेनारला सांगतो. या जगात यापेक्षा मोठा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी दोन जादूगार येतात आणि त्याला कुठे पुरायचं, त्याचं नाव आता कोण सांगणार, यावर हुज्जत घालत बसतात. तेनार शेजारीच उभी आहे. ती ते नाव उच्चारते, पण एक प्रौढ बाई काही बोलली हे त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. प्रसंगात तलवार नाही, मंत्र नाही. पण नाव म्हणजे सत्ता हा मालिकेचा पाया आहे, आणि ती सत्ता हातात असूनही कुणी ऐकत नसेल तर काय, हा प्रश्न पहिल्या तीन पुस्तकांत एकदाही आला नव्हता. पहिल्या वाचनात मला फक्त ओगियन गेल्याचं वाईट वाटलं होतं.

गेडच्या लपण्याबद्दलही माझं मत बदललं, पण सावकाश. तो भित्रा झाला नाहीये. त्याला जादूखेरीज दुसरं काही व्हायला कुणी शिकवलेलंच नाही. तेराव्या वर्षापासून तो त्या एकाच गोष्टीसाठी वाढवला गेला आणि आता पन्नाशीच्या आसपास ती गोष्ट संपली. लाज कसली वाटते हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. पुढे हिवाळ्यात शेतघरावर चाल करून आलेल्या माणसांपुढे तो गवत उचलायचा काटा घेऊन उभा राहतो, साध्या माणसासारखा घाबरलेला, आणि नंतर आपण एका माणसाला जखमी केलं याचा त्याला त्रास होत राहतो. पहिल्या पुस्तकात तो पाच तरुण ड्रॅगन मारतो तेव्हा मला असं काही वाटलं नव्हतं.

याच ग्रंथाच्या अखेरीस ले ग्विनचं ऑक्सफर्डमधलं १९९२चं व्याख्यान आहे. पहिली तीन पुस्तकं आपण वीरकथेच्या पुरुषी परंपरेत राहून लिहिली आणि तिच्याबाहेर पाऊल टाकायला आपल्याला इतकी वर्षं लागली, असा त्याचा रोख आहे. मतं आधी आली आणि गोष्ट मागून, असं म्हणणाऱ्यांनी ते वाचावं. मला त्यात अडखळत वाट काढणारी लेखिका दिसली.

वाचकांच्या दबावाखाली लेखक वाकल्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात संपवलं आणि १९०३ साली परत आणलं. वाचक म्हणून मला ते हवंच असतं आणि होम्स परत आला याचा मला आनंदच आहे. पण गेडची जादू अशीच परत आली असती तर तिसऱ्या पुस्तकातल्या त्यागाला काय अर्थ उरला असता? मित्राला हे विचारलं. तो म्हणाला, “मग चौथं लिहायचंच नव्हतं.” या उत्तरापुढे माझ्याकडे युक्तिवाद नाही. तो तिसऱ्याच्या शेवटाशी एकनिष्ठ आहे आणि मला ते कळतं.

तिसरं वाचन रोज एक प्रकरण असं केलं. चौदा प्रकरणं, चौदा रात्री. हे पुस्तक वाचायची हीच पद्धत आहे असं आता मला ठामपणे वाटतं. चार दिवसांत संपवायला गेलं की घरकाम अडथळा वाटतं, कारण आपण पुढची घटना शोधत असतो. रोज थोडं वाचलं की थेरूचा प्रत्येक लहान बदल दिसतो: ती कुणासमोर तोंड लपवते, कुणासमोर नाही, कधी पहिल्यांदा बोलते. जळलेल्या मुलीला बरं करायला कुठलाच मंत्र चालत नाही, तिला फक्त रोज कुणीतरी लागतं. मला कंटाळवाणी वाटलेली पानं म्हणजे ते रोज.

दोन तक्रारी मात्र तिन्ही वाचनांत टिकल्या. एक म्हणजे मधल्या भागातल्या काही चर्चा. मॉस नावाच्या चेटकिणीबरोबरचं बोलणं जिवंत आहे, कारण मॉस स्वतः तिरकस, मळकी आणि खरी आहे. पण इतर काही ठिकाणी पात्रं बोलायची थांबतात आणि प्रश्नच एकमेकांशी बोलायला लागतात. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, ती शेवटाची. गाँटवरच्या री अल्बी गावचा जादूगार अ‍ॅस्पेन तेनारला आणि गेडला मंत्राने बांधून जनावरांसारखं वागवतो, ते वाचवत नाही, इतकं ते परिणामकारक आहे. पण त्याचा द्वेष कुठून आला हे पुरेसं उलगडत नाही. आणि मग थेरू ड्रॅगनला हाक मारते, ड्रॅगन येतो, आणि सगळं थोड्याशा पानांत मिटतं. तेरा प्रकरणं सावकाश शिजलेली गोष्ट चौदाव्यात एकदम उतरवली जाते. ताई म्हणते, थेरू कोण आहे याच्या खुणा पहिल्यापासून पेरलेल्या आहेत. पेरलेल्या आहेतच, मी तिसऱ्या वाचनात मोजल्या. तरी घाई ती घाईच. मुखपृष्ठावर ‘अर्थसीचं शेवटचं पुस्तक’ असं छापूनही २००१ साली आणखी दोन पुस्तकं आली, आणि या शेवटाने उभे केलेले प्रश्न त्यांतल्या कादंबरीत सुटतात. त्यामुळे मालिका सावरते, हे प्रकरण नाही.

आता माझे तारे साडेचार. अर्धा त्या शेवटाचा कापला.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना, आणि ती मनापासून आहे. पहिली तीन पुस्तकं दहा-बारा वर्षांच्या मुलाला खुशाल द्या. हे देऊ नका. लहान मुलीवर झालेला अत्याचार आणि बाईला एकटं गाठण्याची भीती यात सतत आहे. लेखिका तपशिलात जात नाही, पण दडवतही नाही. ज्यांना अशा वर्णनांचा त्रास होतो त्यांनी मोठेपणीसुद्धा बेताने वाचावं.

आणि तिसऱ्याला लागून लगेच वाचू नका. माझी पहिली चूक तीच होती. ड्रॅगनच्या पाठीवरचा गेड डोळ्यांसमोर असताना शेळ्या राखणारा गेड स्वीकारता येत नाही. मध्ये काही महिने जाऊ द्या, जमल्यास दुसरं पुस्तक पुन्हा वाचा आणि तिथून थेट चौथ्यावर या. ताईची मुलगी सध्या तिसऱ्याच्या मध्यावर आहे, सोळा वर्षांची आहे आणि भराभर वाचते. ग्रंथ तिला हवाय. मी तिला पहिल्या तीन पुस्तकांच्या सुट्या प्रती दिल्या आहेत.